काकाजींचा समुद्र आणि माझी नीळ

मी समुद्रात नीळ ओतली.

कपड्यांना घालतात ती, बाटलीतली, पातळ. तीही थेंबभर नाही, बाटलीचा तिसरा हिस्सा. समुद्र काकाजींचा होता आणि नीळ काकूंची. माझं स्वतःचं त्यात काहीच गेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी उगाच दया यायला नको.

भिलाईत समुद्र कुठून आला, असं विचारणारे तेव्हाही पुष्कळ होते. तो काकाजींच्या क्वार्टरात, दारातून आत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीशी होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेचा, लोखंडी चौकटीतला. चौकट खाऱ्या पाण्यानं गंजू नये म्हणून काकाजींनी तिला रंगाचे सात हात दिलेले. पाणी मात्र अस्सल. काकाजींचा एक तेलुगू दोस्त विशाखापट्टणमला बदलून गेला होता, पण त्याचं बिऱ्हाड भिलाईतच होतं. तो घरी येताना दर खेपेला पॅसेंजर गाडीतून समुद्राच्या पाण्याचे कॅन आणायचा. डब्यातले लोक विचारायचे, "तेल है क्या?" तो म्हणायचा, "समुंदर है." मग त्याला कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

त्यानंच एका खेपेला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून तळहाताएवढा एक दगड आणला. त्या दगडावर जिवंत फुलं होती. फुलं म्हणजे प्राणीच, प्रवाळांच्या नात्यातले. शर्टाच्या गुंडीएवढे, भोवती बारीक झालर असलेले. दिवा लावला की उघडायचे, हात दाखवला की मिटायचे. काकाजी त्यांना 'पोवळे' म्हणत. काकू शिवणकाम करीत, त्या 'बटणं' म्हणत. टाकीत एकही मासा नव्हता. पाहुणे यायचे, वाकून वाकून बघायचे आणि विचारायचे, "मछली कहाँ है?"

"मछली नहीं है."

"फिर क्या है?"

"बाकी सब है," काकाजी म्हणायचे.

मी त्यांना भेटलो तो ट्रेनी म्हणून. वर्ध्याकडून एम.एस्सी. करून आलेला, दुसरा वर्ग, अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने यायचे, ते तपासायचं काम. काकाजी तिथले सर्वांत जुने. साहेब म्हणायला सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब तिकडं, वरच्या मजल्यावर. मले काकाजी म्हण. गाव कोणतं तुझं?" गाव सांगितलं. "मंग रविवारी जेवाले ये," म्हणाले, आणि वर्षाची माझी सगळी रविवारची जेवणं तिथं लागली. कायम करण्याआधी माझ्याबद्दलचा अहवाल तेच लिहिणार होते, हे मला ठाऊक होतं. मी जेवायचोही तसाच, प्रत्येक घासाला मान डोलावत.

उंच, वाळलेला माणूस. नजर भट्टीवरच्या माणसाची. नोकरीची पहिली बारा वर्षं त्यांनी भट्टीपाशी काढली होती. तिथं पोलाद किती तापलंय हे रंगावरून ओळखतात. ती सवय घरी आली होती. चहाचा ग्लास खिडकीकडे धरून ते म्हणायचे, "आज लवकर उतरवला." काकू आतून म्हणायच्या, "पेऊन घ्या गुमान, भट्टी थंडी झाली आता." पोळीवरचे डाग पाहून ते तव्याचं तापमान सांगायचे. काकूंनी एकदा थर्मामीटर आणून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "सांगा बरं आता, माझं किती हाय?"

पण त्यांची खरी खोड दुसरी होती. एका महिन्यात एकच बदल.

हा नियम त्यांनी समुद्रासाठी केला होता. दिवा बदलायचा तर त्या महिन्यात पाणी बदलायचं नाही. पाणी बदललं तर खाणं बदलायचं नाही. "दोन गोष्टी संगं बदलल्या तं समजन कसं, कायनं फरक पडला ते?" यात चूक काढायला जागाच नव्हती. घोटाळा इतकाच की नियम टाकीत मावला नाही, घरभर पसरला. नव्या चपला घेतल्या तर त्या महिन्यात साबण जुनाच. तापात डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या तर यांनी विचारलं, "एक-एक करून नाही का घेता येत?" डॉक्टर मल्याळी होते, शांत स्वभावाचे, ते म्हणाले, "घेता येतील. पण मग तुम्ही येऊ नका." बढती आणि मोठं क्वार्टर एकाच महिन्यात मिळालं, तेव्हा काकाजींनी क्वार्टर महिनाभर पुढे ढकलायचा अर्ज केला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'निरीक्षण'.

काकू म्हणायच्या, "आमचं लग्न झालं त्याच महिन्यात यायनं चश्मा बदलला होता. तवापासून डोकं दुखते यायचं. अजून ठरलं नाही, चश्म्यानं दुखते का माझ्यानं."

काकाजी हसत नसत. ते या विधानाचा खरोखर विचार करीत.

आता या सगळ्यातलं दुखणं सांगतो. विशाखापट्टणमहून दगड आला तेव्हा ती बटणं हिरवीगार होती. धानाची रोपं लावणीआधी खाचरात जशी दिसतात, तशी; म्हणजे हिरवा रंगही नव्हे, हिरवा उजेड. चार महिन्यांत त्यांचा रंग गेला. मेली नाहीत. उघडत होती, मिटत होती, वाढतही होती, पण तपकिरी झाली होती. काकू म्हणाल्या, "गुडाखूसारखी दिसून राहिली." आमच्याकडे बायाबापड्या दाताला लावतात ती तंबाखूची काळपट लुगदी. उपमा इतकी चपखल होती की काकाजींनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तीन वर्षं ते तो हिरवा रंग परत आणायच्या मागे होते. वहीत रोज एक ओळ. तारीख, पाण्याचा खारेपणा, दिव्याचे तास, रंग. रंगाच्या रकान्यात तीन वर्षं एकच शब्द, 'तपकिरी', आणि तरी रोज ते तो नव्यानं लिहीत, वरच्यासारखाच असं कधी लिहीत नसत. उन्हाळ्यात घरातला एकुलता कूलर समुद्राकडे तोंड करून असायचा. नवराबायको आतल्या खोलीत ओला टॉवेल अंगावर घेऊन पडायची.

मधल्या एका वर्षी त्यांनी असं काढलं की फुलांना निळा उजेड हवा. "समुद्रात खाली गेलं का लाल-पिवळा उजेड पाणी खाऊन टाकते. निळाच उरते. यायले निळ्याची सवय हाय." आता भिलाईत निळा दिवा मिळेना. पण भट्टीत डोकावायला गडद निळी काच वापरतात, ती डोळ्यांवर धरल्याशिवाय आतलं पोलाद दिसत नाही. टवके उडालेल्या अशा पाच काचा भंगारात निघाल्या. दुसरा कोणी असता तर खिशात घालून घेऊन गेला असता. काकाजींनी रीतसर गेटपास केला. वस्तू, निळी काच. स्थिती, तुटकी. नग, पाच. कामासाठी, समुद्र.

गेटवरच्या जवानानं तो कागद उलटसुलट पाहिला. "साहब, ये समुद्र कहाँ है?"

"सेक्टर में. मेरे घर."

"आपके घर?"

"हाव. आना कभी," काकाजी म्हणाले. पुढच्या रविवारी तो जवान खरंच आला, पायताण बाहेर काढून. टाकीसमोर हात जोडले आणि चहा घेऊन गेला.

काचा ट्यूबलाइटखाली लावल्या. खोली निळी झाली. काकू म्हणाल्या, दवाखाना वाटून राहिला. फुलं मात्र गुडाखूच.

काकूंना ती भिंत हवी होती. हे नीट सांगायला हवं, नाहीतर त्या उगाच खाष्ट वाटतील. त्या मागच्या व्हरांड्यात शेजारच्या बायकांना शिवण शिकवायच्या. पावसात व्हरांडा गळायचा, थंडीत बोटं आखडायची, सहा जणींना दोन मशिनी. समोरच्या खोलीत डावीकडे काकाजींचं टेबल आणि आरामखुर्ची, उजवीकडे समुद्र. मधून फक्त जाता यायचं. त्या आषाढात त्यांनी शांतपणे सांगितलं, "दसऱ्यापर्यंत पाहा. बटणं हिरवी झाली तं राहू द्या. नाही झाली तं हे डबकं द्या कोणाले. तीन वर्षं मी काही म्हटलं का?"

काकाजी टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही म्हटलं."

"मंग?"

"ठीक हाय. दसरा."

त्यांनी शब्द दिला, म्हणजे दिला. ते वहीत लिहूनही टाकलं.

आणि श्रावणात त्यांच्या मोठ्या भावाचा नागपुरात मांडीचं हाड मोडलं. आठ दिवसांसाठी म्हणून ते गेले. जाताना मला घरी बोलावून एक कागद दिला. पाणी आटेल तेवढं बॅटरीचं शुद्ध पाणी सकाळी घालायचं, खुणेपर्यंत. दिवा आठ तास. सुकटीची पूड दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. खाली दोन रेघा मारून, 'बाकी हात लावू नये.'

"समजलं?"

"समजलं, काकाजी."

"काय समजलं?"

"हात लावायचा नाही."

"हाव," म्हणाले आणि गेले. मी सहा दिवस हात लावला नाही. माझ्या हिशेबानं हा विक्रमच होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवरून आलो. काकू बाजारात गेल्या होत्या. मी टाकीसमोर बसलो आणि मला काकाजींची कीव आली. दसऱ्याला जेमतेम सव्वा महिना उरला होता. माणूस दवाखान्यात भावाच्या उशाशी बसलेला, इकडं फुलं तपकिरी, परत आला की टाकी कुणाला तरी देऊन टाकायची. आणि खरं सांगायचं तर, ज्यानं हा रंग परत आणला त्याचा अहवाल काकाजी कसा लिहितील, हेही माझ्या डोळ्यांसमोर आलं. मग मी विचार केला. त्यांना निळा उजेड हवा. काचेनं जमलं नाही. का? कारण खऱ्या समुद्रात काच नसते. पाणीच निळं असतं!

हे मला कळलं आणि काकाजींना तीन वर्षांत कळलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

मोरीच्या खिडकीत नीळ होती. आधी चार थेंब घातले. काही दिसेना. बुचभर घातली. दिसली आणि विरून गेली. मग बाटली तिरपी केली, हात ओला होता, आणि मग मी समुद्रात नीळ ओतली.

पहिली दोन मिनिटं फार सुंदर दिसत होतं. मग दगडावरचं एकेक फूल मिटू लागलं. दिवा गेल्यावर मिटायची तशी सावकाश नव्हे. मूठ आवळावी तशी, फटाफट. पाच मिनिटांत दगडावर नुसते चामड्याचे मणी. मी काचेवर टिचक्या मारल्या. जणू त्यानं उघडतील.

काकू आल्या. दोन्ही हातांत पिशव्या. दारातच थांबल्या.

"हे काय करून ठेवलं तुनं?"

मी सांगितलं. ते निळ्या उजेडाचं, पाण्याचं, सगळं. सांगता सांगता मलाच ते कमी कमी पटत गेलं.

"तू शिकलेला हाय ना रे?"

"हो."

"कशात?"

"रसायनशास्त्रात."

काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या. टाकीजवळ आल्या आणि वाकून दगडाकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता यांना भिंत मिळाली. कुणाला काही म्हणायचीही गरज नाही. तपकिरी होती, मेली. ट्रेनीनं मारली, काकूंचा काय दोष? मी ते बोलूनही बसलो. "काकू, तुम्हाला भिंत..."

"मले भिंत पाहिजे," त्या ताडकन म्हणाल्या, "पण अशी नाही पाहिजे. त्या माणसानं तीन वर्षं यायले लेकरावाणी पाहिलं. मेलेल्याच्या जागी मी मशीन मांडू काय? बोल आता, रंग काढाचा कसा? कपड्याचा असता तं मी काढला असता."

आणि मग, नीळ ओतल्यावर पाऊण तासानं, मला रसायनशास्त्र आठवलं. कॉलेजात घाणेरड्या रंगाचं द्रावण स्वच्छ करायला आम्ही त्यात कोळसा घालायचो. साधा नव्हे, खास भाजलेला, रंग शोषून घेणारा.

"कोळसा!" मी ओरडलो.

काकूंनी इस्त्रीच्या कोळशाचं पोतं दाखवलं.

"हा नाही."

"मंग कोणता? सोन्याचा?"

मी सायकल काढली आणि दुर्ग गाठलं. तिथं कॉलेजांना सामान पुरवणारं एक दुकान होतं, शटर अर्धं खाली आलेलं. मालकानं विचारलं, "पावडर चाहिए कि दाना?" मी म्हटलं दाणा. "किसका रंग निकालना है?" माझ्या तोंडून खरंच निघालं, "समुंदर का." त्यानं माझ्याकडे बघितलं, दोन डबे काढून दिले आणि शटर पूर्ण खाली केलं.

परत आलो तर काकूंनी काकाजींचं मलमलचं धोतर फाडून दोन पिशव्या शिवून ठेवल्या होत्या. कोळशाला आधी काळं पाणी सुटतं, ते काढावं लागतं. तांदूळ धुवावेत तसा त्यांनी तो परातीत धुतला. एक पाणी, दोन, पाच, अकरा. "तुझ्या अकलेपेक्षा लवकर साफ झाला," म्हणाल्या. टाकीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा डबा होता, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी ओढून कापसातून गाळणारा. त्यातला निळा झालेला कापूस काढून नवा घातला, पिशव्या त्यावर ठेवल्या. खाटेखाली समुद्राच्या पाण्याचे चार कॅन शिल्लक होते. तेवढं पाणी काढलं, तेवढं घातलं.

दुसऱ्या दिवशी टाकी आकाशी. तिसऱ्या दिवशी स्वच्छ. फुलं मिटलेलीच.

त्याच दिवशी काकाजींचं पोस्टकार्ड आलं. पत्ता सोडला तर एकच शब्द. 'रंग?'

मी काकूंना विचारलं, काय लिहू? "खरं लिव्ह," त्या म्हणाल्या. खरं लिहायची हिंमत नव्हती आणि खोटं लिहिलं तर त्या वाचणार होत्या. मी लिहिलं, 'निळसर.' चार दिवसांनी उत्तर आलं, नेहमीपेक्षा लांब. 'निळसर म्हणजे आशा आहे. हात लावू नये.'

पण त्याआधीच, पाचव्या दिवशी, मी सकाळच्या पाळीला जाण्याआधी पाणी घालायला गेलो. काकू स्वयंपाकघराऐवजी टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. मला पाहताच ओठांवर बोट ठेवलं. दगडाच्या कडेला एका बटणाची झालर बाहेर आली होती. अर्धीच. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. ती पुरी उघडली. तिच्या शेजारची हलली.

"उघडलं वो माय," काकू पुटपुटल्या. आणि मग, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, पदर तोंडाला लावून हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्या दिवशी ड्यूटीवर अर्धा तास उशिरा पोचलो. नमुने चुकीच्या खणात ठेवले. कुणी ओरडलं तरी मला गोड लागत होतं.

भावाचं हाड नीट बसेना, काकाजींचे आठ दिवस सव्वा महिन्याचे झाले. दरम्यान टाकीत काहीतरी होऊ लागलं. आधी आम्हाला वाटलं, आपल्याच मनात आहे. मग काकूंनी हिरव्या दोऱ्याची रिळं आणून काचेला लावून बघितली. पहिल्या आठवड्यात शेवाळी. मग पोपटी. काकाजींची निळी काच तर होतीच, तिच्याखाली त्या फुलांच्या कडा आतून दिवा लावल्यासारख्या दिसू लागल्या.

"कावून होऊन राहिलं रे हे?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी काकाजी आले. ट्रंक हातातच. टाकीकडे बघितलं. ट्रंक तशीच धरून उभे राहिले. मग हळूहळू, जणू टाकी दचकेल, गुडघ्यांवर बसले. काचेपासून वीतभर अंतरावर त्यांचं नाक, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत हिरवं.

"तुनं काय बदललं?"

उत्तर मी महिनाभर तयार ठेवलं होतं. "काही नाही, काकाजी."

ते उठले. वही काढली. तारीख घातली. रंगाच्या रकान्यात तीन वर्षांत पहिल्यांदा दुसरा शब्द लिहिला. मग खाली लिहू लागले, 'कोणताही बदल न करता...'

ते अक्षर मी बघत होतो. पानंच्या पानं खरी होती त्या वहीत. आधीचं एकही पान कुणी खोटं केलं नव्हतं, आणि हे माझ्यामुळे होत होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"थांबा, काकाजी."

मी सगळं सांगितलं. ते बोटांवर मोजत गेले. "नीळ. कापूस. कोळसा. पाणी. चार."

"चार."

"एका महिन्यात?"

"एका संध्याकाळी."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता अहवाल गेला, रविवार गेला, भिलाई गेली.

"मी बी होती त्यात," काकू पुढे आल्या. "त्याले एकट्याले नका बोलू. धोतर तुमचं म्या फाडलं."

"पाच," काकाजी म्हणाले.

मग त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि पाचही गोष्टी क्रमानं लिहिल्या, धोतरासकट. लिहून झाल्यावर मला विचारलं, "नीळ कोणती होती?"

"कावून?" काकूंनी विचारलं.

"रंग कायनं आला, ते समजाले पाहिजे. एक-एक करून पाहाव लागन. आधी कोळसा काढू. नीळ शेवटी पाहू."

"निळीले हात तं लावून पाहा," काकू म्हणाल्या, "मी कुलपात ठेवतो आता."

निळीपर्यंत पाळी आलीच नाही. कोळसा काढला आणि तीन आठवड्यांत हिरवं विझत गेलं. पुन्हा घातला, पुन्हा आलं. मग काकाजींनी काकूंची पांढरी ताटली टाकीच्या मागं धरली. कोळसा नसताना पाणी पिवळट दिसायचं. सुकटीच्या पुडीनं हळूहळू साचलेला तो पिवळेपणा निळ्या उजेडाला अडवून धरत होता. रोज इतका थोडा वाढला की रोज बघणाऱ्याला दिसलाच नाही. "मी फुलायकडंच पाहत होतो ना," काकाजी म्हणाले, आणि ताटली धुऊन जागेवर ठेवून आले. त्या दिवशी चहाच्या रंगावर काही बोलले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, दसऱ्याच्या सकाळी मी सोनं द्यायला गेलो, तर काकाजी आपलं टेबल व्हरांड्यात ओढत होते. आरामखुर्ची आधीच बाहेर गेली होती. डावीकडची भिंत पूर्ण मोकळी. काकूंच्या दोन्ही मशिनी तिथं शेजारी शेजारी, उजेडात.

"काकाजी," मी म्हटलं, "पाच बदल तर झालेच या महिन्यात. हा सहावा."

"टेबलाचं दुसरं टोक धर," ते म्हणाले. "तोंडानं नाही, हातानं."

मी कायम झालो. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही, आणि तेच बरं आहे.

त्या थंडीत तो तेलुगू दोस्त सुट्टीवर आला. नेहमीसारखे कॅन दाराशी ठेवले, आत आला आणि टाकीसमोर थिजला. किनाऱ्यावर त्यानं दगड उचलला तेव्हाही तो इतका हिरवा नव्हता, म्हणाला. काकाजी व्हरांड्यात आपल्या खुर्चीत होते. काकू मशीनवर, त्यांच्याभोवती पाच-सहा जणी. मी तिथंच, शक्य तितका ताठ उभा.

"भाभीजी," तो म्हणाला, "तीन साल में नहीं हुआ, अब हो गया! ये किसका दिमाग है?"

काकूंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. दातांनी दोरा तोडला. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"दिमाग का तो सवालच नहीं भैया," त्या म्हणाल्या, "ये इसने किया."